जिल्हा परिषद शाळेच्या इमारतीसाठी ग्रामसभेतून निधी : ठरावाआधी काय, ठरावानंतर काय

"ठराव तर एकमताने केला होता, मग पैसे का आले नाहीत?" शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांकडून हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. उत्तर बहुतेक वेळा त्या ठरावातच असतं. 'शाळेची इमारत दुरुस्त करण्यात यावी' एवढंच त्यात लिहिलेलं असतं. कोणती खोली, किती खर्च, कोणत्या निधीतून, काम कोण करणार, यातलं काहीच नाही. असा ठराव पंचायत समितीत पोहोचतो, आवक क्रमांक घेतो आणि फाइलमध्ये बसून राहतो.

हा लेख जिल्हा परिषदेच्या लहान शाळांसाठी आहे : पहिली ते चौथी किंवा सातवी, दोन-तीन शिक्षक, आणि ज्यांच्या गावाला वर्षाला जेमतेम काही लाखांचा विकासनिधी मिळतो अशा शाळा. खाजगी अनुदानित संस्थांचे नियम वेगळे आहेत, ते इथे नाहीत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ग्रामसभेचा ठराव हा या साखळीतला मधला कागद आहे. त्याच्या आधीचे चार कागद नसतील तर ठराव पोकळ, आणि नंतरचा पाठपुरावा नसेल तर तो वाया. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच घ्या.

## वेळेचा हिशेब : उलट्या बाजूने मोजा

पुढच्या आर्थिक वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतो आणि पुढच्या काही महिन्यांत ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा पैसा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणारं अनुदान, खर्च करता येत नाही. म्हणजे ऑक्टोबरात विषय मांडायचा तर अंदाजपत्रक सप्टेंबरात हातात हवं, आणि त्यासाठी अभियंत्याला पत्र जुलै-ऑगस्टमध्ये जायला हवं. पावसाळा त्यासाठी सोयीचाच, कारण गळती पाऊस चालू असतानाच दाखवता येते. जानेवारीत कोरड्या छताखाली उभं राहून "इथून गळतं बरं का साहेब" असं सांगण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष काम मात्र मे महिन्यात व्हायला हवं. उन्हाळी सुट्टी हीच छप्पर उघडायची वेळ. जूनमध्ये कौलं उतरवली आणि मृगाचा पाऊस वेळेवर आला, की वर्ग समाजमंदिरात भरवावे लागतात.

सावधान : निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन मंजुऱ्या थांबतात. कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचं लेखी पत्र) निघालेला असला तरी प्रत्यक्ष काम सुरू झालेलं नसेल तर तेही अडकू शकतं. निवडणुका जवळ दिसत असतील तर तारखा महिनाभर अलीकडे ओढा.

## टप्पा १ : आधी मोजा, मग मागा

मुख्याध्यापक, समितीचे अध्यक्ष, दोन माता-पालक आणि गावातला एखादा जाणता गवंडी किंवा सुतार, एवढ्या लोकांनी एका दुपारी शाळा खोलीगणिक फिरून पाहावी. वहीत तीन रकाने करा.

- धोका : झुकलेली भिंत, वाळवीने खाल्लेली तुळई, स्लॅबच्या खालून दिसणारी गंजकी सळई, उघड्या वायरी.
- दुरुस्ती : गळती, फुटकी फरशी, मोडकी दारं-खिडक्या, तुंबलेलं शौचालय.
- नवीन काम : जादा वर्गखोली, संरक्षक भिंत, रॅम्प, किचन शेड.

प्रत्येक नोंदीसमोर लांबी-रुंदी आणि तारखेसह फोटो. फोटोत खोलीचा क्रमांक दिसला पाहिजे. दारावर खडूने लिहिलात तरी चालेल.

पहिल्या रकान्यातलं काही सापडलं तर निधीची वाट पाहू नका. ती खोली त्याच दिवशी बंद करा, मुलांना दुसरीकडे बसवा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेचं छत कोसळून मुलांचे जीव गेले. जुलै २०२५ मध्ये राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीला तेच घडलं. खोली बंद करायला कुणाच्या मंजुरीची गरज नसते.

आता सगळ्यात जास्त नडणारी चूक. शाळेची माहिती दरवर्षी यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर भरली जाते. त्यात प्रत्येक वर्गखोली चांगली, किरकोळ दुरुस्तीची की मोठ्या दुरुस्तीची, हे नोंदवायचं असतं. घाईत किंवा शाळेचं नाव खराब नको म्हणून सगळ्या खोल्या 'चांगल्या' म्हणून भरल्या जातात. नंतर तीच शाळा मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवते. वर बसलेला माणूस स्क्रीन बघतो, चांगल्या खोल्या दिसतात, प्रस्ताव परत. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतल्या कामांची यादी तर याच आकड्यांवरून निघते.

तपासून पाहा : शाळेच्या ११ अंकी यू-डायस क्रमांकासमोर वर्गखोल्या, शौचालयं, पाणी, वीज आणि रॅम्प यांची नोंद तुमच्या वहीशी जुळते का? जुळत नसेल तर केंद्रप्रमुखांमार्फत दुरुस्ती आधी, प्रस्ताव नंतर.

आणखी एक. खोली मागताना शिक्षण हक्क कायद्याची पट्टी लक्षात ठेवा. २००९ च्या या कायद्याच्या परिशिष्टात दर शिक्षकामागे एक वर्गखोली, शिवाय कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापक यांच्यासाठी मिळून एक खोली असा निकष आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन. चाळीस पटाची शाळा तीन खोल्या असताना चौथी मागायला लागली, की सगळाच प्रस्ताव संशयात येतो. पट कमी असेल तर नवीन बांधकामाचा हट्ट सोडा आणि आहे ते पक्कं करून घ्या. वेगळी शौचालयं, पिण्याचं पाणी, अडथळाविरहित प्रवेश, किचन, मैदान आणि कुंपण या गोष्टी मात्र कायद्यानेच द्यायच्या आहेत. त्या मागताना पट आडवा येऊ देऊ नका.

## टप्पा २ : जमीन कुणाची, इमारत कुणाची

हा कंटाळवाणा टप्पा आहे आणि म्हणूनच बहुतेक जण तो गाळतात.

अनेक गावांत शाळेची जागा कुणाच्या तरी आजोबांनी तोंडी दिलेली असते. बक्षीसपत्र झालेलं नसतं, सातबारावर अजून त्या घराचंच नाव असतं. आजोबांच्या हयातीत कुणी काही बोललं नाही. नातवंडांची वाटणी झाली की एक जण कुंपणाच्या खड्ड्यात येऊन उभा राहतो. त्या दिवशी काम थांबतं आणि निधी परत जातो.

म्हणून तलाठ्याकडून चालू सातबारा काढा. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा घ्या. जिल्हा परिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत इमारतीची नोंद आहे का, हे पंचायत समितीत विचारा. नाव खाजगी असेल तर त्या कुटुंबाशी शांतपणे, चारचौघांत नव्हे, घरी जाऊन बोला आणि बक्षीसपत्राची नोंदणी करून घ्या. तोवर त्या जागेवर नवीन बांधकाम मागू नका. आहे त्या इमारतीची दुरुस्ती मागायला सहसा एवढी अडचण येत नाही.

## टप्पा ३ : पडकी खोली असेल तर निर्लेखन आधी

नवीन खोली मंजूर झाली पण बांधायला जागाच नाही, कारण जुनी पडकी खोली तिथेच उभी आहे. ती पाडता येत नाही, कारण कागदावर ती शासकीय मालमत्ता आहे. या फेऱ्यात वर्षं जातात.

पाडण्याआधी निर्लेखनाची, म्हणजे इमारत निकामी ठरवून मालमत्तेच्या नोंदीतून कमी करण्याची, मंजुरी लागते. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, खोलीचे फोटो, बांधकामाचं वर्ष, आणि इमारत वापरायला अयोग्य असल्याचा बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा दाखला असे कागद एकत्र करून प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो. मंजुरीनंतर जुन्या लाकूड-कौल-पत्र्याचा रीतसर लिलाव करून रक्कम भरावी लागते.

सावधान : "पडतेच आहे, जेसीबी लावून मोकळी करून टाकू" असं म्हणत परवानगीआधी पाडलं तर जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. सागाच्या तुळया कुठे गेल्या, हा प्रश्न लेखापरीक्षणात हमखास निघतो.

## टप्पा ४ : अंदाजपत्रक अभियंत्याचंच

ओळखीच्या ठेकेदाराने वहीच्या पानावर लिहून दिलेला 'अंदाजे चार लाख' हा आकडा ग्रामसभेत सांगायला सोपा, पण पुढे कुठेच चालत नाही. पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातल्या उपअभियंत्यांच्या नावे पत्र द्या, प्रत गटविकास अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांना. कनिष्ठ किंवा शाखा अभियंता पाहणीला येतील तेव्हा टप्पा १ मधली वही त्यांच्या हातात ठेवा. त्यांच्याकडे अशा अनेक शाळा असतात. ज्या शाळेची मापं तयार असतात तिचं काम आधी होतं, यात वशिला काही नाही.

अंदाजपत्रक चालू सरकारी दरसूचीवर असावं. त्यात १८ टक्के जीएसटी आणि १ टक्का कामगार कल्याण उपकर धरलेला आहे का, ते पाहा. हे विसरलं तर मंजूर रकमेत शेवटचा गिलावा आणि रंग बसत नाही, आणि भिंती पुढची दहा वर्षं उघड्या राहतात.

सगळ्या कामांचं मिळून एकच मोठं अंदाजपत्रक करू नका. छप्पर वेगळं, शौचालय व पाणी वेगळं, वीज वेगळी, भिंत वेगळी. कारण प्रत्येकाचा निधी वेगळ्या ठिकाणाहून येणार आहे. मात्र ही विभागणी कामाच्या प्रकारानुसार हवी. निविदा टाळण्यासाठी एकाच छपराचे दोन तुकडे पाडणं नियमात बसत नाही.

## टप्पा ५ : कोणतं काम कोणत्या पैशातून

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग तरी वाचा. लोक चुकतात ते इथे. सगळी मागणी एकाच दाराशी नेतात आणि ते दार नेमकं चुकीचं असतं.

वित्त आयोगाचा बंधित निधी. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१-२२ ते २०२५-२६ मध्ये, ग्रामीण संस्थांच्या अनुदानाचे ६० टक्के बंधित होते : निम्मे स्वच्छतेसाठी, निम्मे पिण्याचं पाणी आणि पर्जन्यजल संकलनासाठी. शाळेचं शौचालय, नळजोडणी, हात धुण्याची जागा, पन्हाळीचं पाणी टाकीत घेणं या बाबी इथे बसतात. अनेक ग्रामपंचायतींचा बंधित निधी खर्च होत नाही म्हणून पडून असतो आणि शाळा मात्र अबंधितच्या रांगेत उभी असते.

अबंधित निधी. उरलेले ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर. प्राथमिक शिक्षण त्यात आहे. पगार आणि आस्थापना सोडून छप्पर, फरशी, विद्युतीकरण यांना तो वापरता येतो. पण गटार, रस्ता, पेव्हिंग ब्लॉक या सगळ्यांचा डोळा याच निधीवर असतो, म्हणून इथे फक्त तेच मागा जे दुसरीकडून मिळत नाही.

आर्थिक वर्ष २०२६-२७ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ आहे. म्हणून वरची टक्केवारी ठरावात जशीच्या तशी उतरवू नका. ग्रामसेवकांकडून (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) चालू परिपत्रक मागून घ्या आणि त्यातले शब्द वापरा.

पेसा क्षेत्र, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे ते. अशा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. तिथे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असेल तर ठराव तिचाच लागतो, मुख्य गावाचा नाही.

जिल्हा वार्षिक योजना. नवीन वर्गखोली आणि मोठी दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या कुवतीबाहेरची असते. ती जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागामार्फत होते. इथे ग्रामसभेने निधी द्यायचा नसतो, शिफारस करायची असते. ठरावाचा मजकूर त्यामुळे बदलतो. आमदार निधीचंही तसंच : आमदारांचं शिफारसपत्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत जातं, ग्रामपंचायतीत नाही.

समग्र शिक्षा. शाळेला पटानुसार दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान येतं. ३० पटापर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार, ही कमाल मर्यादा. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. काच, कडी, नळ, बल्ब, रंग एवढंच यातून होतं. या अनुदानातून छप्पर करू पाहणाऱ्या शाळांचं छप्परही होत नाही आणि खडूलाही पैसे उरत नाहीत. मोठ्या कामांची मागणी जिल्ह्याच्या वार्षिक कार्ययोजनेत जावी लागते, आणि तिचा पाया म्हणजे शाळा विकास आराखडा. तो तीन वर्षांचा करायचा असतो, आणि तो करणं हे शाळा व्यवस्थापन समितीचं कायद्यातलं काम आहे. बऱ्याच शाळांत तो मागच्या वर्षीचा, फक्त तारीख बदललेला असतो.

रोजगार हमी. संरक्षक भिंत, मैदान सपाटीकरण, शौचालय अशी कामं अभिसरणातून, म्हणजे इतर योजनांचा पैसा जोडून, अनेक तालुक्यांत झाली. या योजनेची चौकट आता बदलते आहे. पंचायत समितीत आजची स्थिती विचारूनच आराखड्यात नाव लिहा.

लोकवर्गणी. सरकारी निधीत जे बसत नाही त्यासाठी ती राखा : ग्रंथालयाची कपाटं, पंखे, अंदाजपत्रकात राहून गेलेली खिडकी. कोकणातल्या वाडीचं मुंबईकर मंडळ असो किंवा देशावरचे पुण्यात नोकरीला गेलेले माजी विद्यार्थी, माणसं आनंदाने देतात. फक्त हिशेब दिसला पाहिजे. पैसे समितीच्या बँक खात्यातच घ्या. सरपंचांच्या किंवा गुरुजींच्या मोबाइलवरचा क्यूआर कोड व्हॉट्सअॅप गटावर टाकलात तर पहिल्या आठवड्यात पैसे येतील आणि दुसऱ्या आठवड्यात संशय. पावती प्रत्येकाला, यादी शाळेच्या फलकावर. वर्गणीचा संबंध प्रवेशाशी किंवा दाखल्याशी कुठेही लागता कामा नये. शिक्षण हक्क कायद्याला ते चालत नाही.

परदेशातले गावकरी देणार असतील तर एक बारकावा. भारतीय नागरिकत्व असलेल्या माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, त्यांची देणगी मात्र परकीय ठरते, आणि समितीकडे परकीय योगदान घेण्याची नोंदणी नसते. अशा वेळी योग्य नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच काम करून घ्यावं.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधीही साधारण असाच येतो. कंपनी स्वतः काम करून देते किंवा नोंदणीकृत संस्थेला देते. शाळेच्या खात्यात रोख रक्कम येईल ही अपेक्षा ठेवू नका.

तपासून पाहा : एकच काम दोन योजनांत दाखवलेलं नाही ना? प्रत्येक प्रस्तावासोबत 'हे काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर नाही' असा दाखला लागतो, आणि तो खरा असावा लागतो.

## टप्पा ६ : ग्रामसभेआधीचे पंधरा दिवस

ग्रामसभेची सूचना साधारण सात दिवस आधी निघते. तुमचा अर्ज त्याच्या आधी ग्रामपंचायतीत पोहोचून, शिक्का घेऊन, विषयपत्रिकेत स्वतंत्र विषय म्हणून छापला गेला पाहिजे. 'आयत्या वेळी येणारे विषय' या शेवटच्या ओळीत शाळा ढकलली गेली तर तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते, आणि खर्चाचा विषय असा घेतला म्हणून नंतर कुणी हरकतही काढू शकतं.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. शाळेच्या बाजूने मात्र याहून चांगली जागा नाही. मुलीला शौचालय नाही म्हणून ती दुपारी घरी येते, हे आईने सांगितल्यावर त्यावर वाद घालायला फारसं कुणी उठत नाही. महिला सभेच्या इतिवृत्तात शाळेची मागणी नीट लिहून घ्या आणि ग्रामसभेत ती वाचून दाखवा.

मग विरोधकांकडे वळा. विरोधक म्हणजे वाईट माणसं नव्हेत. ज्यांची मुलं पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, त्यांना गावच्या शाळेत पैसा का घालावा हे पटत नाही. एका आळीला गटार हवं आहे. कुणाला देवळापुढे सभामंडप हवा आहे. यांच्याशी सभेत पहिल्यांदा बोलायला गेलात तर आवाज चढणार. आधी त्यांच्या ओट्यावर बसा. सांगायच्या गोष्टी दोनच : शौचालय-पाण्याचा पैसा बंधित आहे, तो तसाही सभामंडपाला वापरता येत नाही. आणि अबंधितमधून आपण एकच काम मागतो आहोत, या रकमेचं, एका वर्षापुरतं. ठोस आकडा ऐकला की निम्मा विरोध विरतो, कारण लोकांना भीती असते ती 'शाळा सगळंच घेऊन जाईल' याची.

गणपूर्तीचं गणित आधी करून ठेवा. गावातल्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हवेत. ८०० मतदारांचं गाव असेल तर १०० पुरतात, ४०० चं असेल तर ६०. शाळेत येणारी मुलं मतदार नाहीत आणि बाहेरगावी नाव असलेले पालकही नाहीत. वाडीवार यादी करून, कोण कुणाला घेऊन येणार हे ठरवा. सुगीचे दिवस असतील तर सभा संध्याकाळी ठेवण्याची विनंती सरपंचांना लेखी करा.

## टप्पा ७ : ग्रामसभेत

बोलणारा एकच असू द्या, तोही पालक. मुख्याध्यापक मदतीला, आकडे विचारले तर सांगायला. पाच मिनिटं पुरतात : खोलीचे मोठे छापलेले फोटो, अंदाजपत्रकाचा आकडा, निधीचं नाव, काम कधी सुरू होणार.

ठरावाचा मसुदा घरून लिहून न्या. सभेतल्या गोंधळात ग्रामसेवकांनी तो मनाने लिहावा ही अपेक्षा चुकीची आहे. नमुना असा :

"विषय क्र. __ : जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ____ (यू-डायस क्र. ____) येथील वर्गखोली क्र. २ व ३ च्या छपराची दुरुस्ती करणेबाबत. उपअभियंता, बांधकाम उपविभाग, पंचायत समिती ____ यांच्या दि. ____ च्या अंदाजपत्रकानुसार या कामास रु. ____ इतका खर्च अपेक्षित आहे. सदर काम सन ____ च्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करून वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून घेण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. सदर काम अन्य कोणत्याही योजनेतून घेण्यात आलेले नाही. सूचक : ____ अनुमोदक : ____ ठराव सर्वानुमते / बहुमताने मंजूर."

जिल्हा योजनेच्या कामासाठी 'मंजुरी देत आहे' याऐवजी 'मंजुरीसाठी जिल्हा परिषदेकडे शिफारस करीत आहे' असं लिहा. प्रत्येक कामाचा ठराव वेगळा. एकाच ठरावात पाच कामं कोंबली तर एकाला हरकत आली की पाचही अडकतात.

गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली तर हिरमुसू नका. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, फक्त तिथे नवे विषय घेता येत नाहीत. तुमचा विषय मूळ पत्रिकेत छापलेला असण्याचा फायदा इथे कळतो.

तपासून पाहा : उठण्याआधी ठराव वाचून दाखवायला सांगा. रक्कम, खोली क्रमांक, निधीचं नाव, सूचक-अनुमोदक. उपस्थिती नोंदवहीतल्या सह्या मोजा.

## टप्पा ८ : ठरावानंतर लगेच

आठवड्याच्या आत ठरावाची साक्षांकित नक्कल घ्या. ई-ग्रामस्वराजवर आराखडा चढला की तुमचं काम त्यात त्याच नावाने आणि त्याच रकमेने आहे का, हे कुणाही तरुणाला मोबाइलवर बघता येतं. नाव चुकलं, 'शाळा दुरुस्ती' ऐवजी 'शाळा रंगरंगोटी' असं पडलं, तर लगेच लेखी कळवा. वर्षभराने ती चूक दुरुस्त होत नाही.

पुढे प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्चाला) आणि तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला, अभियंत्यांची), दोन्ही हातात आल्याशिवाय निविदा किंवा कार्यारंभ आदेश निघत नाही. इमारत जिल्हा परिषदेची आणि पैसा ग्रामपंचायतीचा असेल तर जिल्हा परिषदेची ना-हरकतही घेऊन ठेवा. पाठपुराव्याची एक साधी वही करा : कोणतं पत्र, कोणत्या टेबलावर, आवक क्रमांक, तारीख. महिन्यातून एकदा ठरावीक माणसाने पंचायत समितीत जावं. पाच जणांनी पाच वेळा वेगवेगळं विचारत गेल्याने फाइल हलत नाही, उलट प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं.

जिल्हा परिषदेला मिळालेला राज्याचा निधी खर्चायला पुढच्या वर्षाचा मार्चही मिळतो. "३१ मार्चला गेले सगळे पैसे" हे उत्तर म्हणून दरवेळी खरं नसतं. काम मंजूर झालं होतं का आणि निधी वितरित झाला होता का, हे दोन वेगळे प्रश्न विचारा.

## टप्पा ९ : काम चालू असताना आणि संपल्यावर

अंदाजपत्रकाची प्रत शाळेत ठेवा. ठेकेदार भला असला तरी कोणत्या जाडीचा पत्रा, किती सळई, कोणत्या प्रमाणाचं मिश्रण, हे कागदावरून पाहिलेलं चांगलं. सिमेंट कामाला पाणी मारणं हे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त चुकवलं जातं. जवळच्या दोन घरांना सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवायला सांगा. कामाचं नाव, रक्कम, निधी आणि ठेकेदाराचं नाव असलेला फलक दर्शनी भागात लावून घ्या.

मोजमाप पुस्तिकेत नोंद करायला अभियंता येतील त्या दिवशी समितीचा एक माणूस हजर असावा. स्लॅब असेल तर छतावर पाणी साठवून ठेवून खालून ओल बघा. पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करण्याचा आग्रह याआधी झाला तर नम्रपणे थांबा.

काम संपलं की तीन नोंदी करा : शाळेच्या जडसंग्रहात (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत), जिल्हा परिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत आणि यू-डायसवर. यू-डायसची राहिली तर पुढच्या वर्षी तीच खोली पुन्हा 'मोठी दुरुस्ती' म्हणून दिसते आणि जे खरंच हवं आहे ते मागे पडतं.

कार्यारंभ आदेशात दोषदायित्वाचा, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा, कालावधी लिहिलेला असतो. तो संपेपर्यंत ठेकेदाराची सुरक्षा अनामत अडकलेली असते. पहिल्याच मोठ्या पावसात प्रत्येक खोली तपासा. गळती दिसली तर फोन करून थांबू नका. तारीख, फोटो आणि खोली क्रमांक यांसह उपअभियंत्यांना पत्र द्या, प्रत ग्रामपंचायतीला. अनामत एकदा सुटली की तीच गळती नवीन ठरावाने, नवीन निधीतून आणि पुन्हा टप्पा १ पासून दुरुस्त करावी लागते.